कर्तृवाचक शब्द आणि पोथ्या‑कागदांचें वाचन

(१) जुनी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पान उलटतो व तेथें जें नांव आढळेल तें टिपून घेतो. हा क्रम योग्यच आहे. परंतु त्या नांवाच्या मागें किंवा पुढें जो एक लहानसा शब्द असतो, त्याकडे पुरेसें लक्ष जात नाहीं. आणि मग एकाचें कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरीं पडतें. अशी एक चूक आमच्याच हातून झाली आहे. ती प्रथम निवेदन करून मग मूळ विषयाकडे वळूं.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही एका तालुक्याच्या गांवीं संस्कृत शिकवीत असतां, तेथील एका जुन्या घराण्याचें दफ्तर आम्हांस पाहावयास मिळालें. त्यांत ओवीबद्ध आख्यानाची एक पोथी होती. शेवटच्या पानावर शक, तिथि व वार देऊन त्या घराण्यांतीलच एका पूर्वजाचें नांव व त्यापुढें ‘लेखक’ हा शब्द होता. आम्हीं आपल्या टिपणवहींत त्या पूर्वजाची ‘कवि’ अशी नोंद केली, आणि घरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांस तसें सांगितलेंही. त्यांस झालेला आनंद आम्हांस अजून आठवतो. पुढें त्यांच्या कुलवृत्तांतांत त्या नांवामागें ‘कविवर्य’ हें विशेषण लागलें, व दरवर्षीं पुण्यतिथीस पोथीची पूजा होऊं लागली.

सात‑आठ वर्षांनीं त्याच भागांतील दुसऱ्या दोन घरीं त्याच हातच्या व त्याच नांवाच्या आणखी दोन पोथ्या आम्हांस मिळाल्या. एक मुहूर्तविषयक संस्कृत ग्रंथाची, दुसरी वैद्यकाची. दोन्ही ग्रंथांचे कर्ते निराळे, ही गोष्ट सर्वश्रुत होती. तेव्हां आमच्या ध्यानीं आलें कीं, हा गृहस्थ तिन्ही ग्रंथ लिहून काढणारा होता, रचणारा नव्हे. पहिली पोथी पुन्हां मागवून सावकाश वाचली, तों मधल्या एका प्रसंगाच्या अखेरच्या ओवींत खऱ्या कवीची नाममुद्रा स्पष्ट होती. ती आम्ही घाईनें ओलांडून गेलों होतों. एका प्रत्ययान्त शब्दाचा अर्थ आजच्या व्यवहारावरून घेतल्याचा हा परिणाम. हें त्या घरीं जाऊन सांगणें आम्हांस भाग पडलें. तें कसें घडलें तें शेवटीं सांगूं.

(२) क्रिया करणाऱ्याचें नांव क्रियेवरून पाडणें ही बहुतेक सर्व भाषांची रीत आहे. संस्कृत व्याकरणांत तिचा जितका बारीक विचार झाला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. पाणिनीच्या मतें क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र, म्हणजे दुसऱ्याच्या हातचें साधन नसलेला, तो कर्ता (१।४।५४). त्यापुढच्याच सूत्रांत अशा कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यासही कर्ता ही संज्ञा दिली आहे, व त्यास ‘हेतु’ असेंही म्हटलें आहे. म्हणजे हातानें करणारा आणि सांगून करविणारा, दोघेही शास्त्रानें कर्तेच. शिलालेख वाचणाऱ्यानें हे दोन कर्ते मनांत पक्के वेगळे ठेवावे. त्यांचें प्रयोजन पुढें येईल.

कर्त्याचें नांव घडविणारे दोन मुख्य प्रत्यय तृच् व ण्वुल् (३।१।१३३). पहिल्यानें कर्ता, दाता, नेता. दुसऱ्यानें कारक, दायक, नायक, पाठक, लेखक. याखेरीज सहज स्वभावानें किंवा कुशलतेनें करणारा यासाठीं तृन् इत्यादि निराळे प्रत्यय सांगितले आहेत, आणि ज्याची ती कला हाच धंदा आहे अशा शिल्प्यासाठीं आणखी वेगळा ष्वुन् (३।१।१४५) दिला आहे. नर्तक, खनक, रजक हे त्याचे दाखले होत. पुल्लिंगीं लेखक व नर्तक यांचा शेवट सारखाच दिसतो. परंतु स्त्रीलिंग केलें म्हणजे भेद उघड होतो. लेखकाचें लेखिका होतें, पण नर्तकाचें नर्तकी होतें, नर्तिका होत नाहीं. एकदां करणारा, नेहमीं करणारा आणि त्यावरच पोट भरणारा, या तिघांत भेद करण्याची गरज शास्त्रकारांस वाटली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे; कारण आमच्या कागदांतील निम्मे घोटाळे हा भेद न केल्यामुळेंच होतात.

(३) आतां ‘लेखक’ शब्द घेऊं. आज हा शब्द ग्रंथ रचणाऱ्यास लागतो. हा अर्थ छापखान्यांच्या काळांत रूढ झाला. ग्रंथ हातानें उतरून घेण्याचा धंदा बसला, आणि रिकामा झालेला शब्द रचनाकारास मिळाला. त्यापूर्वीं लेखक म्हणजे अक्षरें काढणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजशासनाच्या प्रकरणांत लेखकाचे गुण दिले आहेत. त्यांत अक्षर सुरेख असावें, मजकूर लवकर जुळवितां यावा व लेख वाचतां यावा अशा अपेक्षा आहेत. परंतु आज्ञा राजाची, ती ऐकून नीट शब्दांत उतरविणें एवढेंच लेखकाचें काम.

याहून परिचित दाखला महाभारताचा आहे. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तींत गणपति लेखक व व्यास कर्ते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत, १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वांत, ही कथा प्रक्षिप्त ठरवून परिशिष्टांत घातली आहे, ही गोष्ट वेगळी. कथा मागाहूनची असली, तरी ज्यांनीं ती घातली त्यांच्या काळीं लेखक शब्दाचा अर्थ काय होता, याविषयीं तिची साक्ष पुरी पडते. मराठींत ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचा दाखला आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानदेवांनीं टीका केली, आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले, असें तेथें म्हटलें आहे. गणपतीस महाभारताचा, किंवा सच्चिदानंदबाबांस ज्ञानेश्वरीचा कर्ता कोणी म्हणत नाहीं. मग अप्रसिद्ध पोथीच्या बाबतींतच आपण तसें कां म्हणावें?

पोथ्यांच्या अखेरीस जीं ठराविक पद्यें येतात तींही हेंच सांगतात. लेखक व पाठक या दोघांचें कल्याण चिंतिलेलें असतें, कर्त्याचें नव्हे; कारण कर्ता बहुधा केव्हांच दिवंगत झालेला असतो. समोर जसें पुस्तक पाहिलें तसें लिहिलें, तें शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊं नये, असें जें सुप्रसिद्ध पद्य आहे, तें रचनाकाराच्या मुखीं शोभणारच नाहीं. पाठ, कंबर व मान मोडून लिहिल्याची तक्रारही हातानें लिहिणाऱ्याचीच आहे.

(४) लेखकास दुसरा जुना शब्द लिपिकर. उत्तरपदीं ‘कर’ घेणारीं कांहीं पूर्वपदें पाणिनीनें एका सूत्रांत (३।२।२१) मोजलीं आहेत, त्यांत लिपि व लिबि अशीं दोन्ही रूपें आहेत. अशोकाच्या चौदाव्या शिलाशासनांत, लेखांत कोठें अपुरें राहिलें असल्यास त्याचीं कारणें सांगतांना लिपिकराच्या चुकीचाही उल्लेख येतो. कर्नाटकांत ब्रह्मगिरि व त्याच्या आसपास जीं लघुशासनें आहेत त्यांच्या शेवटीं चपड नांवाच्या लिपिकराचें नांव आहे, आणि मौज अशी कीं, लेख ब्राह्मींत असून ‘लिपिकरेण’ हा शब्द तेवढा खरोष्ठींत कोरला आहे. वायव्येकडील लिपि जाणणाऱ्या या माणसानें आपला धंदा आपल्या अक्षरांत नोंदवून ठेविला.

लिपि हा शब्द प्राचीन इराणी ‘दिपि’ या शब्दावरून आला असें विद्वान् मानतात. शाहबाजगढी येथील अशोकलेखांत ‘दिपि’ हेंच रूप आहे. याच दिपीपासून इराणांत लेखनिकास दबीर हा शब्द झाला. तो आपल्याकडे दोनदां आला. पहिल्यानें ‘दिविर’ होऊन संस्कृतांत शिरला. राजतरंगिणींत दिविर आहेत, व वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत शासन लिहिणारा अधिकारी दिविरपति म्हणविला जातो. दुसऱ्यानें सुलतानी अमदानींत तो फारसींतून आला, व मराठींत ‘डबीर’ झाला. अशोकाचा लिपिकर व शिवकालीन डबीर हे अशा रीतीनें एकाच मुळाचे निघतात.

चिटणीस, वाकनीस, पारसनीस यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, अर्थात् लिहिणारा. याच्या मुळाशीं ‘नि’ हा उपसर्ग व संस्कृत ‘पिश्’ धातूचा इराणी भाऊ आहे. शाहबाजगढीस ‘लिखित’ या अर्थीं ‘निपिस्त’ असें जें रूप आढळतें तें याच धातूचें. संस्कृतांत या धातूचा अर्थ सजविणें, आकार देणें असा राहिला. यजुर्वेदाच्या पुरुषमेधप्रकरणांत रथकार, मणिकार, इषुकार, ज्याकार अशा धंदेवाल्यांच्या यादींत ‘पेशस्कारी’ म्हणजे वस्त्रावर नक्षी भरणारी स्त्री येते. तिचें पेशस् व चिटणिसाचा नीस यांचा धातु एक आहे.

(५) संस्कृत कर्तृवाचक शब्द प्राकृतांतून मराठींत येतांना झिजले, व झिजतां झिजतां त्यांतील प्रत्यय दिसेनासा झाला. कुंभकार, सुवर्णकार, लोहकार, चर्मकार, कांस्यकार यांतील मधला ‘क’ लोपून कुंभार, सोनार, लोहार, चांभार, कासार झाले. या शब्दांत आतां ‘करणारा’ कोणासच ऐकूं येत नाहीं. ती नुसतीं जातींचीं नांवें झालीं. म्हणून ग्रंथकार, नाटककार असे नवे शब्द पाहिजे झाले तेव्हां ‘कार’ पुन्हां संस्कृतांतून आणावा लागला.

परंतु शेवट सारखा दिसला म्हणून मूळ सारखें असतेंच असें नाहीं. सुतार हा कुंभार‑लोहारांच्या पंक्तीस बसतो खरा, पण त्याचें मूळ सूत्रधार. शिलालेखांत देवळाचें काम करणारा किंवा अक्षरें कोरणारा सूत्रधार येतो, तो नाटकांतला नव्हे, हें सांगणें नकोच. तसेंच ‘आरी’ या शेवटाचें. भिकारी हा भिक्षाकारी. त्यांत कृ धातु आहे. कोठारी हा कोष्ठागारिक, आणि भंडारी हा ताम्रपटांतील भांडागारिक. त्यांत ‘आगार’ म्हणजे घर आहे, करणें नाहीं. शिकारी हा तर फारसी शिकार शब्दास ‘ई’ लागून झाला. चार शब्द, तीन कुळें; एकाच्या आधारें दुसऱ्याचा अर्थ लावूं जाल तर फसाल.

(६) फारसी कर्तृवाचक शब्दांची घडण संस्कृताहून फारशी भिन्न नाहीं, कारण दोन्ही भाषा बहिणी आहेत. कुंभ अधिक कार, तसेंच किल्ले अधिक दार. ‘दार’ म्हणजे धारण करणारा, ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, ‘बरदार’ म्हणजे वाहणारा, ‘गर’ म्हणजे करणारा. कारकून या शब्दांत ‘कार’ आरंभीं आहे व त्याचा अर्थ काम असा आहे. करणारा तो पुढचा ‘कुन’. म्हणजे कारकून हा अक्षरशः संस्कृतांतील कर्मकर.

येथें संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही कीं, ‘दार’ करणाऱ्याचा नव्हे, धारण करणाऱ्याचा बोध करितो. वतनदार वतन धारण करितो, इनामदार इनाम. तो तेथें राहून कांहीं काम करीत होता असें या शब्दावरून सिद्ध होत नाहीं. टोकदार, दाणेदार या विशेषणांतही हाच ‘दार’ आहे. दुसरी सूचना अशी कीं, कर्तृवाचक शब्दाच्या तीन अवस्था असतात: आधीं क्रिया, मग हुद्दा, मग आडनांव. फडणीस शब्दांत लिहिण्याची क्रिया आहे; परंतु नाना फडणिसांच्या (१७४२–१८००) हातीं साऱ्या राज्याची सूत्रें होतीं. पोतदार म्हणजे मुळांत फोतेदार, खजिना सांभाळणारा. आज तें आडनांव आहे. कागदांत ‘अमुक चिटणीस’ असें दिसलें म्हणजे तो गृहस्थ तें पत्र लिहीत होता, चिटणिशीच्या हुद्यावर होता, कीं त्याच्या आजोबांनीं तो हुद्दा भोगिला होता, हें बाहेरच्या पुराव्यानेंच ठरवावें लागतें.

हुद्दा व हुद्देदार यांचे शब्दही वेगळे पाहावे. कुळकर्णी हा माणूस, कुळकर्ण हें वतन. पाटील हा माणूस, पाटिलकी हें वतन. देशमुख हा माणूस, देशमुखी हें वतन. निवाड्यांत वाद बहुधा वतनाचा असतो.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर, १६७४ पासून, अष्टप्रधानांस संस्कृत नांवें मिळालीं, व राज्यव्यवहारकोश त्याच हेतूनें तयार झाला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत झाला. या जोड्या नीट पाहिल्या तर असें दिसतें कीं, फारसी शब्द बहुतेक काम सांगतात, धारण करणारा, लिहिणारा असें. संस्कृत शब्द मान सांगतात. अमात्य म्हणजे मुळांत जवळचा, घरचा. सचिव म्हणजे सोबती. तेव्हां नव्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून त्या प्रधानाचें काम ठरवूं नये. तें जुन्या शब्दांत व कानुजाबत्यांत शोधावें.

(७) तुर्की ‘ची’ हा प्रत्यय फारसीच्या वाटेनें मराठींत आला: तोपची, मशालची, नगारची, खजानची. मोडी कागदांत हा प्रत्यय फार चकवितो. कारण मोडींत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाहीं, आणि आपली षष्ठीची ‘ची’ दिसावयास हुबेहूब तशीच. यासाठीं आम्ही एक साधी कसोटी वापरितों. मराठी षष्ठी लागण्यापूर्वीं शब्दाचें सामान्यरूप होतें. तुर्की प्रत्यय लागतांना तें होत नाहीं. मशालीची म्हटलें तर मशाल या वस्तूचा संबंध. मशालची म्हटलें तर माणूस. नगाऱ्याची आणि नगारची, तोफेची आणि तोपची यांतही तोच भेद. जमाखर्चाच्या यादींत एका अक्षराच्या फरकानें माणसाचा पगार वस्तूच्या खर्चांत जाऊन पडतो. मात्र ‘ची’ असलेला प्रत्येक परकी शब्द कर्तृवाचक नसतो. देगची म्हणजे लहान देग, तेथें प्रत्यय लघुत्वाचा आहे.

(८) मराठीचा स्वतःचा, आजही हव्या त्या धातूस लागणारा कर्तृवाचक प्रत्यय म्हणजे ‘णार’, पुढें ‘णारा’. करणार, देणार, घेणार. हाच प्रत्यय क्रियापदाच्या जागीं बसून भविष्यकाळ दाखवूं लागला. तो जाणार, म्हणजे तो जाईल. म्हणून जुन्या कागदांत ‘देणार’ दिसला कीं, तो माणूस आहे कीं भविष्यांतील क्रिया, हें वाक्यावरून ठरवावें.

खतपत्रांत या प्रत्ययाचा एक ठराविक उपयोग आहे. ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष दस्तऐवजांत असतात, व हे शब्द आजच्या दस्तांतही चालू आहेत. यांपैकीं लिहून देणार म्हणजे दस्ताचें बंधन पत्करणारा, आणि लिहून घेणार म्हणजे ज्याच्या लाभाचा तो दस्त आहे तो. हातानें लिहिणारा या दोघांहून तिसरा. त्याची ओळख ‘बिकलम’, म्हणजे अमुकाच्या लेखणीनें, या शब्दानें पटते. पक्षानें स्वतःच लिहिलें असेल तर ‘दस्तुर खुद्द’ अशी खूण असते. शेकडों खतांत लिहून देणार कुणबी आहे, त्यास एक अक्षर येत नाहीं, आणि सहीच्या जागीं नांगराची निशाणी आहे. त्या खतावरून गांवच्या साक्षरतेचा अंदाज बांधणारा अभ्यासक केवढा चुकेल, हें सांगावयास नको.

(९) ‘करी’ या प्रत्ययाचे शेतकरी, वारकरी, टाळकरी, पहारेकरी असे शब्द क्रिया सांगतात. पण दुखणेकरी कांहीं करीत नाहीं, भोगतो. स्थलवाचक ‘कर’, पुणेकर किंवा नागपूरकर यांतला, तर कोणतीच क्रिया सांगत नाहीं. यांत सर्वांत अधिक जपावयाचा शब्द गोमंतकांतील ‘गांवकार’ हा होय. गांवकरी म्हणजे गांवांत राहणारा कोणीही. गांवकार म्हणजे ग्रामसंस्थेच्या जमिनींत व कारभारांत वंशपरंपरेनें वांटा असलेला. १५२६ सालीं अफोंसो मेशिया यानें गोव्यांतील गांवांच्या रीतिरिवाजांचा जो फोराल म्हणून प्रसिद्ध असलेला दस्तऐवज पोर्तुगीजांत नोंदविला, त्यांत हेच गांवकार पोर्तुगीज वेषांत आले आहेत. त्याचें भाषांतर ‘गांवचे लोक’ असें केलें कीं, वांटेकरी व रहिवासी यांतील कायद्याचा भेद बुडतो, व ज्या हक्कासाठीं पिढ्यानुपिढ्या तंटे झाले तो हक्कच वाचकास दिसत नाहीं.

(१०) आतां आरंभीं सांगितलेल्या दोन कर्त्यांकडे येऊं. गिरनारच्या पहिल्या शिलाशासनांत, ही धर्मलिपि राजानें लिहिली असें नाहीं. ‘लेखापिता’, म्हणजे लिहविली, असें आहे. जैन पोथ्यांत ‘लिखापित’ हा शब्द वारंवार येतो, व तो पोथीचा खर्च सोसणाऱ्याविषयीं असतो. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशीं जे मराठी लेख आहेत त्यांत चामुंडराय व गंगराज या दोघांविषयीं ‘करवियलें’ हें प्रयोजक रूप आहे. पहिला गंगांचा मंत्री, दुसरा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापति. एकानें मूर्ति करविली, दुसऱ्यानें सभोंवारचें आवार करविलें. ज्याच्या छिन्नीखालून ती मूर्ति निघाली त्याचें नांव त्या लेखांत नाहीं. ‘करवियलें’ याचा अर्थ ‘केलें’ असा सरळ लावणें म्हणजे त्या अनामिक शिल्प्याची उरलीसुरली जागाही पुसून टाकणें होय.

(११) या सर्वांवरून पोथीची किंवा कागदाची नोंद करितांना चार रकाने वेगळे ठेवावे, अशी आमची विनंति आहे. रचणारा एक; हातानें लिहिणारा दुसरा; खर्च करून लिहविणारा तिसरा; आणि ज्याच्या पठनार्थ ती लिहिली तो चौथा. पोथींतील मूळ शब्द जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत, नोंदींत उतरावा. आपला अर्थ त्यापुढें लिहावा. जो रकाना भरतां येणार नाहीं तो कोरा सोडावा. काल लिहितांनाही हाच विवेक पाहिजे. लेखकाच्या नांवासोबत असलेला शक प्रतीचा असतो, रचनेचा नव्हे. आमच्या चुकीच्या नोंदींत कवि तर खोटा पडलाच, पण आख्यानाचा कालही प्रतीच्या शकावर आणून ठेविला गेला होता.

असो. आम्ही त्या घरीं पुन्हां गेलों तेव्हां ते गृहस्थ फार थकले होते. आम्हीं तिन्ही पोथ्यांची हकीकत सांगितली, व खऱ्या कवीची ओवी वाचून दाखविली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, म्हणजे आमच्या घरीं कवि नव्हताच. मग ही पोथी आतां आम्हीं कशासाठीं ठेवावी?” आम्हीं म्हटलें, “काका, ज्यानें हें आख्यान रचिलें त्याच्या हातचें एक पानही आम्हीं कोठें पाहिलें नाहीं. तुमच्या वडिलांच्या वडिलांनीं तें लिहून काढिलें म्हणून आज त्या कवीचें नांव तरी कळतें. आणि तसें त्यांनीं आणखी दोन घरांसाठीं केलें आहे.” त्यांनीं कुलवृत्तांताची वही मागविली, ‘कविवर्य’ या शब्दावर रेघ मारिली, आणि शेजारीं थरथरत्या हातानें ‘लेखक’ असें लिहून पोथी पुन्हां रुमालांत बांधून ठेविली.

त्या आख्यानाची दुसरी प्रत आजवर आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहांत नाममुद्रा एकाची व समाप्तीचें नांव दुसऱ्याचें अशा पोथ्या असतील, तर त्यांनीं त्यांतील समाप्तिलेख मूळ शब्दांत उतरून मंडळाकडे पाठवावे. असे शंभर‑दोनशें लेख जमले तर कोणत्या भागांत कोणते लेखक कोणाकोणासाठीं लिहीत होते याची यादी करितां येईल, व आमच्यासारख्या चुका पुढच्यांस टाळतां येतील.